चांदीच्या तारेनं बांधलेली काठी

संग्रहालयात कुस्तीला सगळा तळमजला दिलाय. दारातून आत गेलं की समोर गदा, गदांच्या मागं पैलवानांचे भिंतभर फोटो, एकेकाची मांडी माझ्या कमरेएवढी. एका नावाजलेल्या पैलवानाच्या लंगोटालासुद्धा काचेची पेटी आहे आणि पेटीत दिवा आहे. वरच्या मजल्यावर फुटबॉल. कुठल्या पेठेनं कुठल्या पेठेला कधी लोळवलं, सगळं भिंतीवर आहे. त्या सामन्यात दगड कुणी टाकला तेवढं सोडून. आणि हॉकी कुठं म्हणाल, तर जिन्याखाली. पिण्याच्या पाण्याच्या मशीनशेजारी एक काचेचं कपाट, त्यावर एक ट्यूब, तीही फडफडणारी. कोल्हापुरात क्रीडा संग्रहालय झालंय असं पेपरात वाचल्यापासून मी सुनेच्या मागं भुणभुण लावली होती, मला एकदा तिथं सोड म्हणून. टीव्हीवर हॉकीचा सामना असला की घरात कुणी रिमोटला हात लावायचा नाही असा माझा दंडक आहे. नातवंडं मला ‘हॉकी आजी’ म्हणतात. अशी मी, गुडघ्याला पट्टा बांधून, ठेवणीतली साडी नेसून तिथं गेले आणि जिन्याखाली वाकून बघायची वेळ आली. फुटबॉलवाल्यांवर माझा पहिल्यापासून दात आहे, पैलवानांवर त्याहून जास्त. ज्या गावात पैलवानाच्या म्हशीला खेळणाऱ्या पोरीपेक्षा जास्त मान होता, त्या गावात मी हॉकी खेळले. जळणार नाही तर काय करणार.

कपाटात दोन पिवळे पडलेले फोटो होते, एक कातडी चेंडू, गोलकीपरची जाड पॅडं, एक शिट्टी. आणि मधोमध, मखमलीवर आडवी ठेवलेली, कॉलेजात माझ्याबरोबर खेळणाऱ्या मंगलची काठी. आम्ही कधी तिला स्टिक म्हटलं नाही, काठीच म्हणायचो. खालच्या वाकाच्या जरा वर, जिथं लाकूड चिरलं होतं, तिथं चांदीची तार एकाला एक लावून अशी गुंडाळलेली की मध्ये नख शिरणार नाही. ती मी ओळखली नसती तर दुसरं कोण ओळखणार? मग चष्मा नीट करून खालची पाटी वाचली. ‘हॉकीपटू मंगल यांची स्टिक. खेळाडूच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी चांदीच्या तारेने बांधून दिली.’ मी परत वाचलं. वडिलांनी. माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मंगलचे वडील पेठेतले पैलवान, त्यांनी तिची पहिली काठी पाणी तापवायच्या बंबात घातली होती. तार बांधणारे वडील माझे. माझे अप्पा, हुपरीचे.

"अहो, आहे का कोण हितं?" मी ओरडले. जिन्यामागून संग्रहालयाचे व्यवस्थापक आले, चौगुले म्हणून, पन्नाशीचे, कान मोडलेले, म्हणजे हेही कुस्तीवालेच. "काय झालं, मावशी? पाणी पायजे का?" मी म्हटलं, "पाणी नको. ही पाटी खोटी आहे, काढा." ते वाकून पाटी बघायला लागले, जणू काही पहिल्यांदाच वाचत होते. "खोटी कशी आसंल? ज्यांची स्टिक त्यांनीच सांगितलंय की." मी म्हटलं, "तिनंच खोटं सांगितलंय. हे तिचे वडील नव्हेत, माझे आहेत." चौगुल्यांनी माझ्याकडं असं बघितलं की ही म्हातारी आता इथं काही तरी फोडणार. मग खिशातून फोन काढून म्हणाले, "त्या कळंब्यालाच ऱ्हात्यात. बोलावू का? तुमचं तुम्ही बघून घ्या." मी म्हटलं, "बोलवाच. राजमती आलीय म्हणून सांगा." फोनवर बोलून ते म्हणाले, "यायल्यात रिक्षानं. तुमचं नाव सांगितल्यावर हसल्या." हसली! मी तिथंच बाकड्यावर बसले, कपाटाकडं तोंड करून, आणि मंगल येईपर्यंत मनातल्या मनात भांडायची तयारी करायला लागले.

आमच्या हुपरीत पहाटे कोंबडा उठवत नाही, हातोडी उठवते. आमच्या घराच्या पुढच्या पडवीत अप्पांचं चांदीचं काम चाले. भात्याची धाप, तार लोखंडी पट्टीच्या भोकातून ओढताना होणारी किरकिर, परातीत ओतलेल्या घुंगरांचा खळखळाट, हे सगळं आमच्या झोपेच्या खालून सुरू व्हायचं. शेजारीही तेच, समोरही तेच. अव्वा, म्हणजे माझी आई, चूल झाली की पदर खोचून पैंजणांच्या कड्या जोडायला बसायची. मी शाळेत असल्यापासून कड्या जोडत आले. दिवसभर घरात पैंजण वाजायचे आणि आम्हा कुणाच्याही पायात एक नव्हता, कारण चांदी व्यापाऱ्याची, वजन करून यायची आणि वजन करून जायची. तालुक्यातल्या लग्नांत नवरीच्या पायात आमचे पैंजण आणि त्या लग्नांत मी मोकळ्या पायानं. याचंही मला वाईट वाटायचं, मी कशाला नाही म्हणू.

अप्पा बोलत नसत. चिडके नव्हते, मारणारे तर नव्हतेच, पण शब्द तोलून मापून द्यायचे, तेही उरले तर. काम चांगलं झालं तर "हं". आमटी फक्कड झाली तरी "हं". मला कोल्हापूरच्या कॉलेजात घातलं तेव्हा शेजारपाजारचे बडबडले, त्यावरही अप्पांनी एवढंच केलं की एसटीचा पास काढून आणून माझ्या पुस्तकावर ठेवला. मी हॉकी खेळते हे त्यांना ठाऊक होतं. सामना बघायला मात्र ते एकदाही आले नाहीत. कामच तसं होतं, आणि दुसरं म्हणजे त्यांना गर्दीत कसंतरी व्हायचं. पण त्या वयात मला ते कुठलं कळायला? बाकीच्या पोरींचे बाप मैदानाच्या कडेला उभं राहून आरडाओरडा करायचे आणि मी मान वळवून एसटी स्टँडच्या रस्त्याकडं बघायचे.

घरात मला दोन अडचणी होत्या आणि दोन्ही अव्वाच्या. आम्ही जैन. अव्वाच्या घरात कातडं येत नसे. अप्पांच्या चपलासुद्धा फाटकाबाहेर. कॉलेजनं दिलेल्या काठीच्या मुठीला कातडी पट्टी होती. ती बघितल्यावर अव्वा म्हणाली, "ह्येला हात लावून तू माझ्या भाकरीला हात लावणार व्हय? न्हाय चालायचं." मी रडले, भांडले, शेवटी पट्टी सोलून काढली. अव्वानं तिचं जुनं इरकली लुगडं फाडलं, हिरवं, तांबड्या काठाचं, आणि त्याची चिंधी मुठीला घट्ट गुंडाळून दिली. तरीही काठी घरात नाहीच, पडवीच्या कोपऱ्यात, अप्पांच्या भात्यामागं. खरं सांगायचं तर ती चिंधी कातड्यापेक्षा चांगली धरायची, घाम प्यायची. पण मैदानावर पोरी हसायच्या, "राजीची काठी नटून आलीया," म्हणून. राजी म्हणजे मी, राजमती.

दुसरी अडचण दिवस मावळण्याची. आमच्याकडं सूर्य बुडाला की जेवण बंद, चूल बंद. सराव संपवून मी एसटीत बसायची तेव्हा ऊन उतरलेलं असायचं आणि गाडी वाटेत कुठंही थांबायची, कधी उसाच्या गाडीमागं, कधी टायर बसला म्हणून. गाडीच्या खिडकीतून मी त्या सूर्याकडं अशी बघायची की बाबा, थांब थोडा. तो कशाला थांबतोय. घरी पोचावं तर अव्वानं चूल सारवलेली, भांडी पालथी, आणि ती माळ घेऊन बसलेली. "उशीर केलास," एवढंच म्हणायची. पोटात कावळे ओरडायचे आणि शेजारच्या घरातून फोडणीचा वास यायचा. कॉलेजात सर खेळाडूंना उकडलेली अंडी वाटायचे तेव्हा मला दोन केळी मिळायची. मला अंडी नको होती, पण ज्या हौसेनं बाकीच्या पोरी ती सोलायच्या, मीठ लावायच्या, ते बघून माझा जीव जळायचा.

आणि मग मंगल. ती मधली आघाडीची, मी तिच्या डावीकडची. चेंडू तिच्या काठीला लागला की लोहचुंबकाला टाचणी चिकटावी तसा चिकटायचा. मी चांगली खेळायचे, वाईट नव्हते. पण मी गोल मारला की सर म्हणायचे, "मंगलनं पास बघा कसा दिला!" आणि मंगलनं गोल मारला की म्हणायचे, "मंगलनं गोल बघा कसा मारला!" तिचे केस, तिची चाल, तिचं ते मोठ्यानं हसणं, सगळ्यावर कॉलेज फिदा. ती पेठेतली, घरात तालमीचं वातावरण, बाप म्हणायचा पोरीनं स्कर्ट घालून पळायचं असेल तर माझ्या घरातून पळायचं. पहिली काठी बंबात गेल्यावर ती दुसरी काठी मैत्रिणींकडं लपवायची. मोठ्या सामन्याचे दिवस जवळ आले. त्या सामन्याला निवड करणारे पाहुणे येणार होते आणि सरांनी आम्हाला साफ सांगितलं होतं की राज्याच्या संघात कोल्हापूरची एकच आघाडीची पोर घेणार. म्हणजे ती किंवा मी. आणि नेमकी ह्याच वेळी मंगल मला म्हणाली, "राजी, मी तुझ्याकडं येऊ का ऱ्हायला? घरात सांगतो परीक्षेचा अभ्यास हाय म्हणून." पेठेतल्या बायका अजूनही ‘मी सांगतो, मी गेलतो’ असंच बोलतात, मंगलही आज सत्तरीला तसंच बोलते. मी "ये की" म्हणाले. नाही कसं म्हणणार?

ती आली आणि घरातच शिरली. म्हणजे खरोखर शिरली. फाटकातच चपला काढल्या, अव्वाच्या पाया पडली, आणि मी काही सांगायच्या आत आपल्या काठीची कातडी पट्टी उचकटून गटारापलीकडं फेकून दिली. "अव्वा, तुमचं लुगडं उरलंय का जरा?" अव्वा म्हणे! माझ्या आईला! अव्वानं उरलेल्या इरकलीची चिंधी काढून तिच्या मुठीला गुंडाळली, माझ्यापेक्षा नीट गुंडाळली, आणि मला म्हणाली, "बघ, परक्याची पोर आसून कसं समजतंय. तू दोन दिवस रडलीस." दोघींच्या काठ्या आता शेजारी शेजारी भात्यामागं उभ्या, वाक वर आणि मुठी खाली दडलेल्या, दोन्ही सारख्याच हिरव्या.

त्याच संध्याकाळी आम्ही गावाबाहेरच्या माळावर सराव करून अंधारात परतलो. मी सवयीनं पाय धुऊन अंथरुणाकडं वळले. बघते तर अव्वा चूल पेटवतेय. दिवस मावळल्यावर! "पावणी पोर उपाशी झोपवू का काय?" म्हणाली. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर ताज्या लोण्याचा गोळा. मंगल घास मोडणार एवढ्यात तिचं माझ्याकडं लक्ष गेलं. "राजी, तू?" अव्वा म्हणाली, "ती आपल्या घरची हाय, तिला नेम हाय. तुला न्हाय." मी भिंतीला टेकून बसले आणि मंगलनं भाकरीचा पापुद्रा काढून त्यात लोणी भरलेलं बघितलं. आज मला हसू येतं, पण तेव्हा मी उशीत तोंड घालून दात खाल्ले होते. दुसऱ्या दिवशी अव्वानं खपली गव्हाची हुग्गी केली, गूळ-खोबरं घालून, सणाची खीर. सण कुठला तर मंगलचा.

अव्वाचं एक वेळ सोसलं असतं. अप्पांचं सोसलं नाही. मंगलला सकाळी लवकर उठायची सवय होती. मी उठून बाहेर यावं तर ही अप्पांच्या समोर उकिडवी बसलेली. "अप्पा, ह्ये काय?" "अप्पा, तार तुटत न्हाय का हो?" आणि अप्पा सांगायचे! चांदी किती तापवायची, कुठल्या रंगावर आली की थांबायचं, तार बारीक करताना घाई केली तर आतून कशी चिरते. वाक्यावर वाक्य. अख्ख्या जन्मात अप्पांनी मला एका दमात एवढं सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मी विचारलंच नव्हतं कधी, कारण मला ते सगळं बघून बघून येत होतं. पण हे आज म्हणायला ठीक आहे. त्या सकाळी मी दारात तांब्या घेऊन उभी होते आणि मला वाटलं, माझा बाप ह्या पोरीनं माझ्या देखत उचलून नेला.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी माळावर मंगलनं जोरात फटका मारला आणि काठी दगडाला लागली. कट्ट असा आवाज आला. खालच्या वाकावर उभी चीर. तिनं ती बोटानं दाबून बघितली, चीर उघडझाप करत होती. आणि मला काय वाटलं तेही सांगते, मला बरं वाटलं. निवड माझी, असं माझ्या मनात लख्ख आलं. घरी आलो तेव्हा अप्पा देवळात गेले होते. मंगलनं काठी भात्यामागं ठेवली, अव्वाला "पोट दुखतंय" सांगितलं आणि न जेवता झोपली. मी पण कुणाला काही सांगितलं नाही.

सकाळी उठून पडवीत आले तर मंगल अंगणात उभी, दोन्ही हातांत काठी धरून, आणि काठीवर चांदी चमकत होती. अप्पा नव्हते, माल पोचवायला गेले होते. अव्वा म्हणाली, "पहाटेपासून बसून बांधली तुझ्या अप्पांनी. चांदी मजुरीत वळती करणार म्हणं." मी जवळ जाऊन बघितलं. तशी तार त्यांनी व्यापाऱ्यासाठीसुद्धा कधी ओढली नसेल. टोक कुठं दडवलंय ते दिसत नव्हतं. आमच्या घरात माझ्या पायाला घुंगरू नाही, आणि मंगलच्या काठीला चांदी! मंगल एक शब्द बोलली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. मला वाटलं, गुर्मी आलीय.

मैदानावर पंचांनी काठ्या तपासल्या. त्या काळी काठी एका लोखंडी कड्यातून पार व्हावी लागे, कुठं अडली तर बाद. मी मनात म्हणत होते, अडू दे, अडू दे. मंगलची काठी सुळकन गेली. पंचांनी तारेवरून तळहात फिरवला, कुठं टोक लागतंय का म्हणून, परत फिरवला आणि विचारलं, "चांदी हाय व्हय ही? कुणी केली एवढी गुळगुळीत?" मंगल म्हणाली, "हुपरीत केली." पोरी भोवती गोळा झाल्या, बोटं लावायला लागल्या. मी मोजे वर ओढत लांब उभी राहिले. सामन्यात मी जिवाच्या आकांतानं पळाले. एकदा गोल समोर उघडा होता, चेंडू खांबाला लागून परत आला, आणि परत आला तो मंगलच्या काठीवर. तिनं तो आत घातला. निवड तिची झाली. हार घालून पोरी तिला पेठेकडं घेऊन गेल्या आणि मी एकटी एसटीत बसले.

घरी पोचले तर अप्पा पडवीच्या दारात उभे. अप्पा कधी कुणाची वाट बघत उभे राहायचे नाहीत. मी चपला काढेपर्यंत ते थांबले आणि मग विचारलं, "काठी बरी चालली का?" माझ्या अंगाची आग झाली. निवडीचं नाही विचारलं, मी कशी खेळले ते नाही, काठी! मी म्हटलं, "मला काय इचारताय? मंगलला इचारा, तिच्या हातात होती." अप्पा "बरं" म्हणून आत वळले आणि भात्याशी बसले. त्यानंतर ते असेतोवर त्यांनी माझ्याजवळ हॉकीचा विषय काढला नाही. मीही लवकरच खेळ सोडला, लग्न झालं, इचलकरंजीला गेले. मंगल राज्याकडून खेळली, खेळावरच रेल्वेत नोकरीला लागली. लग्नाकार्यात भेटायची, मी दोन शब्द बोलून पुढं व्हायची. अप्पा गेले तेव्हा ती आली होती आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली. त्याचाही मला राग आला होता.

"काय गं राजी, काच फोडणार हाईस म्हणं?" मंगल आली. केस पांढरे, अंगानं सुटलेली, हातात काठी, ही म्हातारपणाची. मी उठलेच नाही. पाटीकडं बोट केलं. "हे काय आहे?" तिनं वाचलंही नाही. "म्हाईत हाय मला काय हाय ते. मीच सांगितलंय." मी म्हटलं, "लाज नाही वाटली? माझा बाप पाटीवर तुझा म्हणून लिहायला?" चौगुले हळूच दोन पावलं मागं सरकले. मंगल बाकड्यावर माझ्या शेजारी धपकन बसली. "ह्यांनी इचारलं कुणी बांधली. माझ्या बापाचं काय सांगू, बंबाचं सांगू? एकदा म्हणून बघितलं, वडिलांनी बांधली म्हणून. म्हणताना बरं वाटलं, राजी. मग बदलू वाटंना."

"तुला काय कमी केलं होतं आमच्या घरानं?" माझा आवाज चढला. "चूल पेटवली तुझ्यासाठी, हुग्गी केली तुझ्यासाठी. माझ्या बापानं मला आयुष्यात एक घुंगरू दिलं नाही आणि तुझ्यासाठी पहाटे उठून..." तिनं माझा दंड धरला. "गप. गप जरा. ती माझ्यासाठी नव्हती."

मंगल कपाटाकडं बघत बोलत होती. "त्या पहाटे मी उठून पडवीत गेलतो. अप्पा कानस फिरवत बसलेले, पाठमोरे. पावलांच्या आवाजानं त्यांना कळलं मी हाय म्हणून. वळलं पण न्हाईत. म्हणाले, राजीला उठवू नगोस. तिला उठल्यावर दिसू दे." तिनं काचेतल्या मुठीकडं बोट केलं. "मूठ तुझ्या आईच्या लुगड्याची. ती चिंधी त्यांना म्हाईत, तुझ्या काठीला हाय म्हणून. माझ्या काठीला बी तीच गुंडाळलीया हे त्यांना कुठलं म्हाईत? चिरलेली दिसली, उचलली तर मूठ हिरवी, त्यांना वाटलं लेकीची काठी. मी सांगणार होतो, राजी. देवाशपथ तोंड उघडलं होतं. त्यांनी उठताना माझ्या हातात दिली, ठेव म्हणाले कोपऱ्यात. आणि हातात घेतली आणि मला बोलवंना. वाटलं, आज एक दिवस. सामना झाला की सांगीन. मग हार घातलं, मग निवड झाली. मग कसं सांगायचं?"

माझ्या डोळ्यांसमोर अप्पा पडवीच्या दारात उभे होते. म्हणजे ते माझीच वाट बघत होते. मला विचारत होते, माझी काठी बरी चालली का. आणि मी काय सांगितलं? त्यांना काय वाटलं असेल? हेच वाटलं असणार की आपण पहाटे उठून लेकीसाठी केलं आणि लेकीनं ते मैत्रिणीला देऊन टाकलं, वर धडपणे सांगितलंही नाही. ते घेऊनच ते गेले. मंगलच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं, आणि त्याच वेळी मी पदर तोंडात धरला. माझ्यासाठी होती. एवढी वर्षं मी जिच्यावर जळले ती काठी माझीच होती, आणि हे सांगायला अप्पा नाहीत, अव्वा नाही, शेजारी आहे ती ही बया.

"मग पाटीवर काय लिवायचं आता?" चौगुल्यांनी घसा खाकरून विचारलं. मंगल म्हणाली, "लिव्हा. राजमतीच्या वडिलांनी राजमतीसाठी बांधली. आणि मंगलनं पळवली." मी म्हटलं, "शेवटचं नको." ती म्हणाली, "लिव्हा लिव्हा, एकदा लिव्हाच." मी नाक पुसलं. "ते नंतर बघू. आधी हे कपाट उघडा." चौगुले गडबडले, "मावशी, वस्तूंना हात लावायचा नियम न्हाय." मंगलनं बसल्या जागेवरून आवाज दिला, मैदानावर द्यायची तसाच, "आरं, माझी काठी हाय, तिचा बाप हाय, तुझा नियम कुठनं आला मधी? उघड!"

त्यांनी किल्ली आणली. मी उठले, दोन्ही हातांनी काठी उचलली. तार बांधल्यापासून मी तिला कधी हात लावला नव्हता, सामन्याच्या दिवशीही नाही. अव्वाची चिंधी काळी पडून कडक झाली होती. तारेवरून अंगठा फिरवला, वरून खाली, मग खालून वर. कुठं अडला नाही. टोक शोधत राहिले, सापडेना. जिन्यावरून फुटबॉल बघून उतरणारी माणसं थांबून बघायला लागली, दोन म्हाताऱ्या कशाला भांडतायत म्हणून.

"बघितलीस न्हवं?" मंगलनं हात पुढं केला. "आण हिकडं, ठिवू दे त्यांना."

"थांब," मी म्हणाले, आणि काठी दिली नाही.